ताणा आणि ठेव : महाराष्ट्रातील विणकामाचा पूर्वेतिहास

कापड विणणे म्हणजे परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या दोन धाग्यांच्या समूहांची गुंफण करून त्यांतून सलग वस्त्र तयार करणे होय. हेच तत्त्व चटईत, टोपलीत आणि कुडाच्या भिंतीतही दिसते. परंतु सूत ही वस्तू बोरू किंवा बांबूप्रमाणे स्वतःच्या ताठपणावर उभी राहत नसल्यामुळे वस्त्राच्या विणकामात दोहोंपैकी एक समूह आधीपासून ताणून धरावा लागतो, आणि हे ताणून धरण्याचे साधन म्हणजेच माग. ताणून धरलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि त्यांच्यामधून आडव्या जाणाऱ्या धाग्याला बाणा म्हणतात. ताण्याचे शेकडो धागे वस्त्राच्या पूर्ण लांबीचे, ठरलेल्या संख्येने आणि ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी मागावर चढवावे लागतात; बाण्याचा धागा मात्र एक-दोन कांड्यांपुरता हाताशी असला तरी काम सुरू होते आणि पुढचे सूत लागेल तसे आणता येते. कारागिरीच्या दृष्टीने हा फरक साधा वाटतो, पण विणकराच्या आर्थिक इतिहासाची किल्ली त्यातच आहे, कारण नवे कापड लावायचे झाले की एक पैसाही हाती येण्यापूर्वी संपूर्ण ताण्याचे सूत घरात यावे लागते आणि ते कोणाच्या पैशाने आले यावर पुढे तयार झालेले कापड कोणाचे हे ठरते.

ताणा तयार करण्याचे काम प्रत्यक्ष विणण्याहून कमी कष्टाचे नाही, आणि विणकामाची वर्णने बहुधा मागापासून सुरू होत असल्यामुळे या कामाला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. सुताच्या लडी उकलून, रहाटावर गुंडाळून, मोकळ्या जागेत रोवलेल्या खुंट्यांभोवती ये-जा करत धागे ओढले जातात; ओढताना दर फेरीला धाग्यांची तिढी राखावी लागते, म्हणजे एक धागा वर आणि दुसरा खाली असा क्रम कायम ठेवावा लागतो, कारण हा क्रम एकदा मोडला तर शेकडो धाग्यांचा गुंता पुन्हा सोडवता येत नाही. त्यानंतर पांजणी येते. पांजणी म्हणजे ताणलेल्या धाग्यांना धान्याच्या पिठाची खळ लावून, कुंच्याने सारखी करून ती वाळवणे. खळीमुळे सुताचे सुटे तंतू अंगाशी चिकटतात आणि विणताना होणारे घर्षण सोसण्याइतका धागा गुळगुळीत व बळकट होतो. कडक उन्हात खळ लवकर वाळून धागा ठिसूळ होत असल्यामुळे हे काम पहाटेपासून सकाळपर्यंत उरकावे लागे, आणि पूर्ण लांबीचा ताणा पसरण्यास घराचे अंगण अपुरे पडत असल्यामुळे ते गल्लीत चाले. कातणे, कांड्या भरणे, लडी उकलणे आणि खळ लावणे या कामांत स्त्रिया आणि मुले यांचा वाटा मोठा होता; त्यामुळे एका मागाच्या पाठीमागे एक कारागीर नव्हे तर एक संपूर्ण कुटुंब आणि पांजणीच्या वेळी शेजारची दोन-चार घरेही राबत असत. विणकरांच्या वस्त्या एकवटलेल्या असण्याचे एक कारण हे आहे.

दख्खनमध्ये दीर्घकाळ वापरात असलेला माग म्हणजे खड्डामाग. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो; पावड्यांना वरच्या फासांच्या चौकटी बांधलेल्या असतात आणि ताण्याचा प्रत्येक धागा त्यांतील एकेका फासातून ओवलेला असतो, त्यामुळे एक पावडी दाबली की निम्मे धागे उचलले जातात, निम्मे खाली राहतात आणि त्यांच्यामध्ये एक पोकळी उघडते. या पोकळीतून धोटा, म्हणजे बाण्याची कांडी पोटात बसवलेले होडीच्या आकाराचे साधन, एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. मग फणीने तो धागा आधीच्या विणीवर ठोकून बसवायचा आणि दुसरी पावडी दाबायची. विणलेले कापड विणकराच्या पोटापाशी असलेल्या आडव्या लाकडावर, म्हणजे तुरीवर, गुंडाळत जाते. खड्ड्याचा उपयोग केवळ बसण्यापुरता नव्हता: जमिनीलगतच्या ओलाव्यामुळे खळीचे सूत कोरडे पडून तुटण्याचे प्रमाण कमी होई, आणि कोरड्या हवेच्या दख्खनमध्ये हा लाभ लहान नव्हता.

या कारागिरीची सुरुवात भारतीय उपखंडात फार मागे जाते. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तांब्याच्या मण्यात टिकून राहिलेले कापसाचे तंतू मिळाले आहेत, आणि मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत. महाराष्ट्रात नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि तिच्या दोऱ्याच्या परीक्षणात कापूस व रेशीम यांचे तंतू आढळल्याचे नोंदवले गेले. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथील अशाच माळेत जवसाच्या जातीच्या झाडाचे तंतू ओळखले गेले. दोरा म्हणजे कापड नव्हे हे खरे, पण तंतूंना पीळ देऊन टिकाऊ धागा काढण्याची विद्या या भूमीत तीन हजार वर्षांपूर्वी स्थिर झाली होती एवढे या मण्यांच्या आधारे सांगता येते.

विणकर या समाजघटकाचा महाराष्ट्रातील पहिला भरघोस लेखी पुरावा मात्र कापडाविषयी फारसे सांगत नाही. तो पैशाविषयी सांगतो. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. त्यात वर्ष 42 मध्ये हे लेणे बौद्ध भिक्षुसंघाला दिल्याचे नमूद करून उषवदाताने त्यासोबत 3000 कार्षापण नाण्यांची 'अक्षयनीवी' दिल्याचे सांगितले आहे. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधीही मोडायचे नाही आणि केवळ व्याज वापरायचे अशी कायमची ठेव. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवण्यात आली, आणि ज्या दोन श्रेणींकडे ती ठेवली त्या दोन्ही 'कोलिकनिकाय', म्हणजे विणकरांचे संघ होत्या. एकीकडे 2000 कार्षापण शेकडा एक या दराने आणि दुसरीकडे 1000 कार्षापण शेकडा पाऊण या दराने ठेवल्याचे लेख म्हणतो. पाऊण या अर्थी त्यात आलेला 'पायून' हा शब्द आजच्या मराठीतील 'पाऊण' शब्दाचा सरळ पूर्वज आहे, आणि तो विणकरांच्या हिशेबात भेटावा हे विशेष आहे.

या लेखातील आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर त्यांची सचोटी लक्षात येते. 2000 कार्षापणांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, 12 कार्षापण द्यावयाचे होते. वीस भिक्षूंचे वर्षाला 240 कार्षापण होतात, आणि 2000 वर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाचे व्याज नेमके 240 होते. लेखात 'दरमहा' हा शब्द स्पष्ट नसतानाही दर महिन्याचाच होता हे या गणिताने सिद्ध होते. उरलेल्या 1000 वर दरमहा पाऊण टक्क्याने वर्षाला 90 कार्षापण येतात आणि ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी राखले होते. हा सर्व व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून दप्तरात नोंदवला गेला, असेही लेख शेवटी सांगतो.

या व्यवहाराचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. एका राजाचा जावई आपले दान चिरकाल चालावे म्हणून पैसा सोपवतो तो विणकरांकडे, कारण आपल्या आणि आपल्या राजवंशाच्या नंतरही ही श्रेणी टिकेल आणि दरवर्षी ठरलेले व्याज देत राहील असा त्याचा विश्वास आहे. काही काळाने क्षहरातांची सत्ता खरोखरच गौतमीपुत्र सातकर्णीने संपुष्टात आणली, तेव्हा राजवंशावर भरवसा न ठेवण्याचा हा हिशेब चुकीचा नव्हता. वर्षाला बारा टक्के व्याज देणे ज्या संघाला परवडते त्याच्याजवळ ती रक्कम गुंतवण्याचे किफायतशीर काम असले पाहिजे, आणि विणकरांच्या संघाजवळ असे काम म्हणजे सूत खरेदी करून सभासदांच्या मागांवर ताणे चढवणे हेच होय असे मानणे सयुक्तिक ठरते. थोडक्यात, ताण्यासाठी लागणारे आगाऊ भांडवल या काळात विणकरांच्या स्वतःच्या संस्थेत होते. लेखातील 'कोलिक' या शब्दाचा मच्छीमार कोळ्यांशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा लागतो. संस्कृत 'कौलिक' म्हणजे विणकर, प्राकृतात 'कोलिअ' शब्दाचे विणकर आणि जाळे विणणारा जीव असे दोन्ही अर्थ आढळतात, आणि मराठीने त्यांपैकी दुसरा अर्थ घरातील कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या नावात जपून ठेवला आहे.

याच सुमाराचा 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथ या चित्राला बाजारपेठेची बाजू पुरवतो. भडोचच्या बंदरातून होणाऱ्या निर्यातीचे वर्णन करताना त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन नगरांचा उल्लेख येतो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड, तलम मलमल व अन्य प्रकारची वस्त्रे अवघड वाटांनी गाड्यांतून बंदरावर येत असत. आज पैठणचे नाव कापडाशी आणि तेरचे नाव प्राचीन अवशेषांशी जोडले जाते, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाटणी उलट असल्याचे पाहणे उद्बोधक आहे. श्रेणींचे सामर्थ्य पुढेही काही शतके टिकले. माळव्यातील मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपुर, येथील शिलालेखात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, स्थलांतर करून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधल्याची आणि पुढे त्याचा जीर्णोद्धार केल्याची हकीकत आहे; मंदिर इसवी सन 436 चे आणि जीर्णोद्धार 473 चा. त्या लेखात विणकर दान स्वीकारणारे नाहीत, दान देणारे आहेत.

मध्ययुगात श्रेणींची जागा जातींनी घेतली. साळी, कोष्टी, देवांग, सणगर आणि मोमीन या समाजांत विणकाम वंशपरंपरेने चालू राहिले, साळ्यांनी जिव्हेश्वराला आणि देवांगांनी चौंडेश्वरीला आपले दैवत मानले, आणि सणगरांनी घोंगडीच्या लोकरी विणकामात स्वतंत्र स्थान मिळवले. गावगाड्याच्या रचनेत विणकराचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे: बारा बलुतेदारांत तो नाही, आणि अलुतेदारांच्या काही याद्यांत साळी व सणगर येत असले तरी सुतार-लोहारांप्रमाणे पिकातील ठरावीक वाट्यावर त्याचा संसार अवलंबून नव्हता. तो बाजारासाठी विणत असे, म्हणून बाजाराचा चढ-उतार त्याच्या घरात सर्वांत आधी पोचत असे. जातीने कौशल्य, विवाहसंबंध आणि आचार यांचे रक्षण केले. पण ठेवी स्वीकारून भांडवल सांभाळण्याचे जे काम श्रेणी करत असे ते जातीने उचलले नाही, आणि ही उणीव पुढे सावकाराने भरून काढली.

याच काळात सुताच्या पुरवठ्यात मोठे परिवर्तन घडले. टकळीवर कातलेले सूत मागाची भूक भागवण्यास अपुरे पडे आणि एका मागामागे अनेक कातणाऱ्या हातांची गरज लागे. चाकाच्या फिरण्याने टकळीला सतत गती देणाऱ्या चरख्यामुळे एका व्यक्तीचे कातणे कित्येक पटींनी वाढले. भारतातील चरख्याचा जो लवकरचा स्पष्ट लेखी उल्लेख इतिहासकार सांगतात तो दख्खनशी निगडित आहे: बहमनी राज्याच्या आश्रयाला असलेल्या इसामी या कवीने 1350 मध्ये पूर्ण केलेल्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यात चरख्याचा निर्देश येतो. मुहंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलवली तेव्हा उत्तरेतील कारागीर दख्खनमध्ये आले, आणि सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणल्या जाणाऱ्या औरंगाबादच्या हिमरूची परंपरा त्या स्थलांतराशी जोडली जाते. ताणा सुती आणि बाणा रेशमी ही योजना केवळ सौंदर्याची नव्हे, काटकसरीचीही आहे, कारण ताण्याला आगाऊ लागणारे महाग रेशीम त्यामुळे वाचते.

पैठणीत अशी काटकसर नाही, आणि म्हणूनच तिच्या इतिहासात भांडवलाचा प्रश्न सर्वांत ठळक होतो. तिचा ताणा रेशमी असतो आणि काठ-पदरासाठी जर लागते. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेली दोरी. पदरावरील मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल या आकृती कापड विणून झाल्यावर भरलेल्या नसतात. ताण्याच्या ओळीवर अनेक लहान कांड्या ओळीने लोंबत ठेवलेल्या असतात, प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकृतीच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तेथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. या अडकवण्यामुळे दोन रंगांमध्ये फट राहत नाही आणि मागील बाजूस सुटे धागे लोंबत नसल्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. एकेका ओळीत असे कितीतरी वळसे हाताने घ्यावे लागत असल्याने भरगच्च पदराच्या साडीला अनेक महिने लागतात, आणि तेवढा काळ रेशीम व जर यांची किंमत कोणीतरी गुंतवून ठेवावी लागते. पेशवाईत आणि निजामाच्या राज्यात सरदार-दरकदारांच्या मागणीमुळे पैठण आणि येवले येथील माग चालू राहिले. पण माल पुरवणारा व्यापारी आणि मजुरी घेणारा विणकर हे नाते तेथे पक्के होत गेले.

एकोणिसाव्या शतकात हातमाग इंग्लंडच्या गिरणीने मारला असे सरसकट म्हटले जाते, परंतु महाराष्ट्रापुरते पाहिले तर आधी आणि जवळजवळ पूर्णपणे बुडाली ती हातकताई, विणकाम नव्हे. गिरणीचे सूत हाताच्या सुतापेक्षा स्वस्त, एकसारखे आणि पीळदार असल्याने विणकरांनी ते स्वीकारले, आणि आपल्या नऊवारी लुगड्यांच्या, धोतरांच्या व पागोट्यांच्या बाजारपेठेत ते तगून राहिले; कारण स्थानिक रुचीचे काठ, पदर आणि लांब्या-रुंद्या सांभाळणे गिरणीला पुष्कळ काळ जमले नाही. या बदलात कातणाऱ्या असंख्य स्त्रियांची कमाई गेली आणि तिची नोंद इतिहासाने फारशी घेतली नाही. विणकराच्या बाजूने पाहता सूत आता शेजारच्या गावातून येत नव्हते, ते मुंबईच्या पेढ्यांतून येत होते, आणि त्याचा भाव दूरच्या घडामोडींवर ठरत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, कापूस पिकवणाऱ्यांच्या हाती पैसा खेळला, पण सूत महागल्यामुळे विणकरांना तोच काळ जड गेला. दुष्काळात तर विणकर दुहेरी संकटात सापडे, कारण अन्न महाग होताच लोक प्रथम कापडाची खरेदी थांबवतात. 1876 ते 1878 च्या दुष्काळात कित्येक विणकरांना माग सोडून मजुरीच्या शोधात निघावे लागले. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या गिरणीनंतर आणि 1877 मध्ये सोलापूर व नागपूर येथे सुरू झालेल्या गिरण्यांनंतर देशी सूत उपलब्ध झाले, तरी ते विणकरापर्यंत पोचवणारी साखळी व्यापाऱ्याच्याच हातात राहिली.

सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हातमागाला नवे बळ दिले. तेथे घरोघरच्या एकेका मागाबरोबर कारखानदाराच्या छताखाली अनेक माग एकत्र चालू लागले आणि कारखानदाराने दिलेली आगाऊ रक्कम फिटेपर्यंत विणकराला दुसरीकडे जाता येत नसे. मालेगाव आणि भिवंडी येथे 1857 नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्त्या वाढल्या. तंत्राच्या बाजूने या काळातील महत्त्वाची सुधारणा म्हणजे धावता धोटा: इंग्लंडमध्ये जॉन के याने 1733 मध्ये शोधलेल्या या योजनेत दोरीच्या झटक्याने धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो, त्यामुळे विणकराच्या हातांच्या पोचेपेक्षा रुंद कापड एकट्याने विणता येते आणि वेगही वाढतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो येथे रुजू लागला; अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील चर्चिल या अभियंता-मिशनऱ्याने हातमागाच्या सुधारणेसाठी याच काळात प्रयोग केले. तथापि वेगवान माग म्हणजे अधिक भुकेला माग. सूत लवकर संपू लागले आणि भांडवलाची गरज घटण्याऐवजी वाढली.

1904 या वर्षी दोन घटना घडल्या, ज्यांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता पण विणकरांच्या पुढील इतिहासात दोन्हींचे धागे गुंतले. इचलकरंजीत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि त्याच वर्षी सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा मंजूर झाला, ज्याची व्याप्ती 1912 च्या कायद्याने पतपुरवठ्याबाहेरील संस्थांपर्यंत वाढली. विणकर सहकारी संस्थांचा हेतू घाऊक भावाने सूत घेऊन सभासदांना पुरवणे हा होता, म्हणजे गोवर्धनच्या कोलिकनिकायाने जे काम केले असावे तेच. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघानेही कापूस, सूत आणि विक्री यांची जबाबदारी स्वतःकडे घेऊन कातणारा व विणकर यांना सावकाराच्या चक्राबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला. इचलकरंजीच्या विणकरांनी पुढे स्वतःची सहकारी सूतगिरणी उभारण्यापर्यंत मजल मारली. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा 1985 मध्ये झाला, पण त्याने कोणत्या मागावर काय विणावे हे ठरवले. ताण्याचे सूत कोणाचे असावे याला त्याने स्पर्श केला नाही.

यंत्रमागाच्या गावांत पांजणीची जागा सायझिंगच्या कारखान्यांनी घेतली आहे आणि ताणा आता लोखंडी बिमावर गुंडाळलेला, खळ लागून वाळलेला असा तयार येतो. इचलकरंजीत ज्यांना खर्चीवाले म्हणतात ते छोटे यंत्रमागधारक माग, जागा आणि वीजबिल स्वतःचे सोसतात. बिमे आणि बाण्याचे सूत व्यापारी पाठवतो, विणलेले कापड तोच उचलतो, आणि मजुरीचा हिशेब आडव्या धाग्यांच्या संख्येवर, म्हणजे बाण्यावर, होतो. येवल्यात व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर घेऊन साडीमागे मजुरीवर विणणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्याच गल्लीत स्वतःच्या पैशाने ताणा लावून आपली पैठणी आपण विकणारीही आहेत.